वाक्य संपेपर्यंत

दिग्विजयला मी "हो ना" म्हणालो होतो. नम्रतालाही "हो ना" म्हणालो होतो. दीपमालाने जिन्यात गाठून विचारले तेव्हा तिलाही तेच म्हणालो. तिघांची मते तीन होती. ते तिघे रविवारी सकाळी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी एकाच वेळी जमणार हे मला आठवडाभर माहीत होते. पण एखादी गोष्ट माहीत असणे आणि तिच्याबद्दल काही करणे, या दोहोंच्या मध्ये मी आयुष्यभर एक पुस्तक ठेवत आलो आहे.

प्रश्न गंधारचा होता. दिग्विजय आणि नम्रताचा हा धाकटा भाऊ, माझा पुतण्या. वय चौतीस, उंची अशी की आमच्या न्हाणीघरात शिरताना मान लववावी लागते, आणि शब्द जेमतेम दहा-बारा. लहानपणी डॉक्टरांनी ऑटिझम असे नाव सांगितले तेव्हा मी लगेच त्या विषयावरची पुस्तके आणून वाचली. त्याला शाळेत पोचवायचे काम मात्र दुसऱ्या कोणीतरी केले.

दोन महिन्यांपूर्वी तो त्याच्या कार्यशाळेतल्या एका मावशींना चावला. तिथे त्याच्यासारखी मुले औषधांच्या दुकानांसाठी कागदी पिशव्या करतात; मुले म्हणायचे, त्यातल्या काहींचे केस पिकले आहेत. संस्थेने त्याला काही दिवस घरी ठेवायला सांगितले. तो घरी बसला आणि पुढच्याच आठवड्यात त्याने त्याच्या आईला, माझ्या वहिनींना, ढकलले. त्या ओट्यावर आदळल्या आणि डावे मनगट मोडले. गेले पंधरा दिवस दिग्विजय लोणी काळभोरच्या पुढच्या एका निवासी संस्थेत खेपा घालत होता. तिथे आता एक जागा रिकामी झाली होती. गंधारला पाठवायचे की नाही, हे या रविवारी दुपारपर्यंत कळवायचे होते.

मधल्या काळात कार्यशाळेने नाजिमा तांबोळी या मानसशास्त्रज्ञ बाईंना आमच्याकडे पाठवले होते. त्या गंज पेठेतून स्कूटरवर येत, चपला दाराबाहेर काढत आणि आल्या आल्या जमिनीवर बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "तो मारायला लागला की तुम्ही प्रत्येक जण काय करता?"

आधी द्वारकावहिनींनी उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "वडी देते गुळपापडीची." दिग्विजय म्हणाला, तो आवाज चढवतो. दीपमाला, म्हणजे त्याची बायको, मोबाइल हातात देते. नम्रता बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर गाणे म्हणते.

"आणि काका, तुम्ही?"

माझी पद्धत खोलीला आतून कडी लावण्याची होती. "मी शांत राहतो," मी म्हणालो.

"बंद दारामागे," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे एका धक्क्याला कधी वडी, कधी ओरडा, कधी मोबाइल, कधी गाणं आणि कधी बंद दार," नाजिमाताई म्हणाल्या. "मी त्याच्या जागी असते तर मीही रोज ढकलून बघितलं असतं, आज काय निघतंय ते."

त्यांनी आधी त्याला दातांच्या डॉक्टरकडे धाडले. एक दाढ मुळापर्यंत किडली होती. ती काढल्यावर चावणे थांबले. त्याच्या स्वभावाची आम्ही वर्षभर जी चर्चा केली, तिच्यातली बरीचशी दाढेची होती. ढकलणे मात्र थांबले नाही. तेव्हा नाजिमाताई आठवडाभर येऊन नुसत्या बसल्या आणि मग म्हणाल्या की माणसे वाढली, आवाज वाढला की त्याला तिथून निघायचे असते, आणि ते सांगायला त्याच्याकडे ढकलण्याशिवाय काही नाही. त्यांनी आमच्या गॅलरीच्या दाराचा फोटो काढून त्याचे एक कार्ड केले आणि ते त्याच्या कमरेला दोरीने अडकवले. नियम एकच. त्याने कार्ड पुढे केले की ज्याच्यापुढे केले त्याने उठायचे आणि त्याला गॅलरीत न्यायचे. त्याच क्षणी. फोन चालू असो, दूध उतू जात असो. आणि हे घरातल्या, कार्यशाळेतल्या, पाहुण्या आलेल्या, सगळ्यांनी. कोणी जास्त हुशारी करायची नाही.

मला ही कल्पना इतकी आवडली की मी नाजिमाताईंच्या त्या पानभर सूचना शुद्ध मराठीत उतरवल्या, 'वर्तन-साहाय्य पथक : कार्यपद्धती' असे शीर्षक दिले, आणि दोन ठिकाणी तळटीपा जोडल्या. माझी उभी हयात एका कोशाच्या कचेरीत नोंदी तपासण्यात गेली. सवय जात नाही. नाजिमाताईंनी ते नीट वाचले. "छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण काका, तुम्ही उठता का?"

"हो ना," मी म्हणालो.

खरे असे होते की वहिनी उठत. हात प्लॅस्टरमध्ये असूनही उठत. मी, वहिनींनी "भाऊजी, कार्ड" अशी हाक मारली की, चालू परिच्छेद संपवून उठत असे.

*

गोष्ट लिहिणाऱ्याने घरच्यांच्या डोक्यात शिरायचे असते म्हणतात. मला त्यांच्या खोलीत शिरतानाही दार वाजवावे लागते. तेव्हा त्या रविवारी सकाळचे जिन्यातले हे बोलणे दीपमालाने मला पुढे सांगितले त्यावरून लिहितो; मध्ये मध्ये भर माझी आहे.

दिग्विजय पुढे चढत होता. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि हातात टीव्हीला जोडायची केबल.

"तू काकाशी बोललास?" दीपमालाने विचारले.

"बोललो ना. हो म्हणाला."

"मलाही हो म्हणाले."

"तू काय विचारलंस त्याला?"

"महिनाभर थांबू या का म्हणून."

दिग्विजय दुसऱ्या मजल्यावर थांबला. "मग त्याला हो कशाला म्हणाला?"

"अरे, काका आहेत ते. किती वाजले विचारलं तरी हो म्हणतील."

तो हसला नाही. दीपमालाने त्याच्याकडे पाहिले. गेले पंधरा दिवस हा माणूस झोपेत या कुशीवरून त्या कुशीवर वळतो आहे. बोलतो तेव्हा 'मी ठरवलंय' म्हणतो, पण पाठ केल्यासारखे म्हणतो. वाकडहून लोणी काळभोरला तीनदा एकटा जाऊन आला. चल म्हणाला नाही. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर नवरा आपले बोलतो आहे की दुसऱ्या कोणाचे, एवढे बायकोला कळतेच. कोणाचे, ते मात्र तिला उमगत नव्हते.

"केबल कशाला आणलीयस?" तिने विचारले.

"प्रेझेंटेशन आहे."

"गंधारवर?"

"ऑप्शन्सवर," तो म्हणाला आणि पुढे चढू लागला.

*

आता आमच्या घरच्या एका रीतीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. आमचे आजोबा वकील होते. बोलणाऱ्याचे वाक्य तोडायचे नाही, अशी त्यांनी घरात शिस्त घातली. ते गेले, शिस्त राहिली. पण आजोबांनी वाक्याच्या लांबीवर काही मर्यादा घातली नव्हती. त्यामुळे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या लांब वाक्ये बोलणारी माणसे सत्तेवर येत गेली. माझे बंधू, गंधारचे वडील, 'आणि'वर जगले. दिग्विजय 'परंतु'वर चालतो. मला वाक्य सुरू करण्यापूर्वीच त्याचा शेवट दिसतो आणि तो फारसा बरा नसतो, म्हणून मी सुरूच करत नाही. लहानपणापासून मी दुसऱ्यांच्या वाक्यांमध्ये फट शोधत बसलो आहे.

नाजिमाताई अकराला येणार होत्या. दिग्विजयने दहालाच टीव्हीला लॅपटॉप जोडला. "घरातलं आधी घरात होऊ दे," तो म्हणाला.

वहिनी दिवाणावर, प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून. नम्रता पहाटेच्या विमानाने आलेली, अजून पाठीवरची पिशवी काढली नव्हती. दीपमाला वेताच्या मोड्यावर. मी खिडकीजवळच्या खुर्चीत, एक मासिक मांडीवर, वाचत नव्हतो पण असावे म्हणून. गंधार गॅलरीच्या दाराशी सतरंजीवर बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता. त्याच्यापुरती कार्यशाळा बंद असली तरी पिशव्या चालू होत्या. खळ नसल्याने त्या चिकटत नसत, पण तो घडी इतकी नेटकी घाली की पिशवी आपली आपण उभी राहावी.

टीव्हीवर निळ्या पट्टीत 'ऑप्शन्स' असे आले.

"आपण भावनेच्या भरात न जाता बघू या," दिग्विजय म्हणाला. "आईचं वय बघा, काकाचं वय बघा, गंधारची ताकद बघा, आणि नाजिमा मॅडमच्या प्लॅनबद्दल मला आदर आहे, परंतु तीन आठवड्यांत ढकलणं बंद झालेलं नाही, कमी झालंय हे मान्य, परंतु कमी झालेला एक धक्काही आईला परत ओट्यावर पाडू शकतो, आणि तिथे संस्थेत चोवीस तास माणसं आहेत, मी स्वतः बघून आलोय, झाडं आहेत, हवा आहे."

नम्रता श्वास भरून बसली होती, पाण्याखाली असल्यासारखी. वाक्य संपले तशी वर आली.

"झाडं कात्रजच्या बागेतही आहेत दादा, तिथे पिंजरेही आहेत. घरचा माणूस घरातनं काढायचा आणि त्याला ऑप्शन म्हणायचं. बाबा असते तर तुझी ही पट्टी टीव्हीवर लावायची हिंमत झाली असती का? मी रोज त्याच्याशी बोलते, मला कळतं त्याला काय हवंय, तुम्हाला इथे दोन तासांवर राहून—"

"वाकड दोन तासांवर नाही," दीपमाला म्हणाली.

"वहिनी, माझं वाक्य चालू आहे."

"सॉरी."

लांब राहणाऱ्याचा आवाज मोठा असतो, हे बोलता बोलताच नम्रताला कळत होते. तिने मला पुढे तसे सांगितले. आपण वर्षातून चारदा येतो, आल्यावर गंधारला मिठी मारतो आणि तो पाठ ताठ करून ती संपायची वाट बघतो, हे तिला आठवत होते. आणि आठवत होते म्हणूनच ती अधिक जोरात बोलत होती.

दिग्विजयने उत्तर दिले. नम्रताने उत्तर दिले. कोणी कोणाचे वाक्य तोडले नाही, पण एकाचा शेवटचा शब्द आणि दुसऱ्याचा पहिला यांच्यामध्ये टाचणी शिरेना. आवाज चढत गेले. खालच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतून कोणीतरी काठीने छताला ठोकले. दिग्विजय त्या ठोकण्याच्याही वरच्या पट्टीत गेला.

गंधारने घडी अर्धी टाकली आणि तो उठला.

मी पाहत होतो. मला दुसरे काही काम नव्हते. तो कार्ड हातात धरून आधी नम्रताकडे गेला. तिने त्याच्याकडे न पाहता त्याच्या हातावर थोपटले, "हो हो राजा," आणि पुढे बोलत राहिली. तो वहिनींकडे वळला, पण मध्ये दिग्विजय उभा होता, टीव्हीकडे हात करून. मग गंधार माझ्याकडे आला. कार्ड माझ्या चष्म्यासमोर वीतभर अंतरावर आले. त्यात आमच्या गॅलरीचे दार होते, उन्हात काढलेले. सूचनांमधली पहिली ओळ मला पाठ होती. तिच्यातले क्रियापद मीच सुधारले होते.

"—आणि काकाशीही मी बोललोय," दिग्विजय म्हणत होता, "त्याचंही मत माझ्यासारखंच आहे, परंतु तो भिडस्त असल्यामुळे—"

वाक्य माझ्याबद्दल होते आणि चालू होते. नम्रता माझ्याकडे पाहू लागली, दीपमालाही. या क्षणी उठलो असतो तर सगळे थांबले असते, मला विचारले असते, आणि मला काहीतरी म्हणावे लागले असते. मी गंधारला हाताने खूण केली. थांब जरा.

आणि तो थांबला. ज्याला थांबता येत नाही असे आम्ही इतकी वर्षे शाळांना, शेजाऱ्यांना, रिक्षावाल्यांना सांगत आलो, तो माझ्यासमोर कार्ड धरून थांबला. पंखा फिरत होता. दिग्विजय तिसऱ्या 'परंतु'वर होता.

मग गंधारने कार्ड सोडले, वळला, आणि केबल ओढली. लॅपटॉप टीपॉयवरून फरशीवर पडला. दिग्विजयने त्याचे मनगट धरले, तसा त्याने दिग्विजयला दोन्ही हातांनी ढकलले आणि स्वतःच्या कानशिलावर थपडा मारू लागला. नम्रता किंचाळली. दिग्विजय कपाटाशी आदळून खाली बसला.

"कोणी बोलू नका," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्या उठल्या, गंधारच्या बाजूला गेल्या, त्याला हात न लावता गॅलरीचे दार उघडले आणि बाजूला उभ्या राहिल्या. तो बाहेर गेला. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर स्टँडवर लावत होते. तो कठड्याला धरून ते पाहू लागला.

*

नाजिमाताई आल्या तेव्हा दार उघडेच होते. त्यांनी फरशीवरचा लॅपटॉप पाहिला, दिग्विजयचा चेहरा पाहिला, आणि नेहमीच्या जागी जमिनीवर बसल्या.

"कोणाला लागलंय का?"

"नाही," दिग्विजय म्हणाला. तो कोपर चोळत होता.

"बरं. याच्या आधी काय झालं?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "हाच तर मुद्दा आहे मॅडम. आम्ही बोलत होतो, चर्चा चालली होती, कोणी त्याला काही म्हणालं नाही, त्याच्या वाटेलाही गेलं नाही, आणि काहीही कारण नसताना तो उठला आणि त्याने केबल ओढली, म्हणजे तुमच्या प्लॅनला मी नावं ठेवत नाही, परंतु जिथे कारणच नाही तिथे—"

"होतं," मी म्हणालो.

कोणाला ऐकू आले नाही.

"—तिथे कुठलाही प्लॅन काय करणार, आणि मला जबाबदारी म्हणून—"

मला फट सापडत नव्हती. ती सापडणार नाही हे मला दिसत होते. हे वाक्य संपेल तेव्हा गंधार लोणी काळभोरला असेल.

"दिग्विजय, थांब."

वहिनींनी गॅलरीच्या उंबऱ्यातून वळून पाहिले. दीपमाला मोड्यावर सरळ झाली. मी स्वतःही मागे पाहिले, कोण बोलले म्हणून.

"त्याने कार्ड दाखवलं होतं," मी म्हणालो. "मला. माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी त्याला थांब म्हणालो. हाताने. तो थांबला. बराच वेळ थांबला. मग केबल."

"तू बघितलं होतंस?" दिग्विजयने विचारले.

"बघितलं होतं."

"मग उठला का नाहीस?"

"तुझं वाक्य चालू होतं."

हे उत्तर बाहेरच्या कोणाला वेडेपणाचे वाटेल. आमच्या घरात ते सगळ्यांना समजले. नम्रता आपल्या हाताकडे पाहत होती. "माझ्याकडेही आला होता," ती म्हणाली. "मी थोपटलं त्याला. मला वाटलं, लाडात आलाय."

"म्हणजे त्याने दोघांना विचारलं," नाजिमाताई म्हणाल्या. "आणि थांबलासुद्धा. हे त्याला मी अजून शिकवलेलं नव्हतं."

"ठीक आहे, आमची चूक," दिग्विजय म्हणाला. "पण चुका होणारच ना घरात? प्रत्येक चुकीला आईने पडायचं का?"

हा प्रश्न बरोबर होता. नम्रताला मात्र तो नेहमीचाच वाटला. "दादा, तुला त्याला घालवायचंच आहे. कारण कुठलंही चालेल तुला."

"त्याला बोलू नको," वहिनी म्हणाल्या.

त्या गॅलरीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, पाठ गंधारकडे नाही, आमच्याकडेही नाही, अशा आडव्या. "जागा बघायला मी सांगितलं त्याला."

दिग्विजय म्हणाला, "आई, राहू दे."

"राहू दे काय? पंधरा दिवस शिव्या खातोयस माझ्या नावच्या. मी बघूनही आले नम्रता. रिक्षा करून, याच्याही आधी. भाऊजींना सांगितलं, डॉक्टरकडे जाते. गंधारपाशी बसा म्हटलं. हो ना म्हणाले. परत आले तर हे खोलीत आणि तो स्वयंपाकघरात एकटा."

दीपमालाने नवऱ्याकडे पाहिले. जिन्यातले तिचे कोडे सुटले होते. तिने उठून त्याच्या शेजारी फरशीवरच बैठक मारली.

"आई, तू?" नम्रता म्हणाली. "मला फोनवर कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? रात्री खोलीला कडी लावून झोपते मी. पोटच्या पोराची भीती वाटते, हे फोनवर कसं सांगायचं? तू रडली असतीस. मग मला तुझी समजूत काढावी लागली असती. हात दुखत होता माझा."

नम्रताने पाठीवरची पिशवी आता कुठे काढून खाली ठेवली.

"जागा वाईट नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "पण मला त्याला पाठवायचं नाहीये. मला दमायचं नाहीये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला आत्ता हे सांगत होते तेव्हा कळलं," त्यांनी माझ्याकडे हनुवटीने दाखवले. "नाजिमा, तुम्ही टीम टीम म्हणता. ती टीम मी एकटी आहे. तीही एका हाताची. घरात दुसरं माणूस आहे असं सगळे धरून चालतात. आहेत भाऊजी, नाही म्हणत नाही. हाक मारली की येतात. पण हाक मारायला मी शुद्धीवर पाहिजे ना?"

मी मांडीवरचे मासिक सरळ केले. ते सरळच होते.

नाजिमाताई माझ्याकडे वळल्या. "काका, सकाळी त्याच्याबरोबर कोण असणार?"

"हो ना," मी म्हणालो.

"मी हो-नाहीचा प्रश्न विचारला नाही."

नम्रता हसली. हसायची वेळ नव्हती, पण मग दीपमालाही हसली, आणि दिग्विजयनेही कोपर चोळता चोळता मान खाली घातली. वहिनी हसल्या नाहीत. त्या वाट पाहत होत्या.

"सकाळी मी," मी म्हणालो. "उठल्यापासून. आंघोळ, नाश्ता, कार्यशाळा सुरू झाली की तिथे पोचवणं. आणि माझ्या खोलीचं दार उघडं राहील. दिवसभर."

"वाचताना?" वहिनींनी विचारले.

"वाचतानाही."

"आणि तुम्हाला ढकललं तर?"

मला तो ढकलेल याची भीती वाटते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोडलेले हाड कसे सांधते, याचीही मी माहिती वाचून ठेवली आहे. "तेव्हा तुम्ही सांगितलंत तसं करीन," मी नाजिमाताईंना म्हणालो. "बाजूला होईन. बोलणार नाही. ते मला जमतं."

"शनिवारी मी येईन," दीपमाला म्हणाली. "पण मला कोणी 'किती गं करतेस' म्हणायचं नाही. मला ते सहन होत नाही."

"मी महिनाभर इथून काम करू शकते," नम्रता म्हणाली. दिग्विजयने तिच्याकडे पाहिले. "बरं, पंधरा दिवस," ती म्हणाली. "आणि गाणं नाही. कळलंय मला."

"कार्यशाळेशी मी बोलते," नाजिमाताई म्हणाल्या. "पण त्यांना मी सांगणार की घरात दोन माणसं उठतात. खोटं सांगायला लावू नका मला."

दिग्विजयने फोन काढला. लोणी काळभोरच्या संस्थेचा क्रमांक लावला आणि कानाला न लावता माझ्यापुढे धरला. "काका, तू सांग त्यांना. मी सांगितलं तर उद्या मीच परत फोन करून विचार बदलेन."

फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की मी एरवी आधी कागदावर मुद्दे लिहून घेतो. पलीकडे एक सौम्य आवाज होता. मी गंधारचा काका बोलतोय, असे सांगितले. जागा नको आहे, असेही सांगितले, पण ते इतके हळू की मला पुन्हा सांगावे लागले.

"घरी कोण बघणार त्याला?"

"मी. म्हणजे सगळे. सकाळी मी."

"काका, राग मानू नका. वय काय आपलं?"

मी वय सांगितले.

"बघा," तो म्हणाला, "आमच्याकडे रांग मोठी आहे. ही जागा आज दुसऱ्याला गेली की परत कधी होईल, मी नाही सांगू शकत. दोन वर्षं, चार वर्षं. तुम्हाला काही झालं तर?"

मी खोलीकडे पाहिले. माझ्याऐवजी कोणीतरी बोलेल असे मला वाटत होते. कोणी मध्ये बोलले नाही. तेवढी शिस्त आमच्या घरात आहे.

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "जागा दुसऱ्याला द्या."

मी फोन दिग्विजयला परत दिला. मी खुर्चीकडे वळलो. एखाद्या माणसाने एवढे केल्यावर त्याला थोडे बसू द्यावे, पाणी विचारावे, अशी माझी अपेक्षा होती.

"भाऊजी, बसू नका," वहिनी म्हणाल्या. "आंघोळ राहिलीय त्याची. पाणी तापलंय केव्हाचं."

मी न्हाणीघरात गेलो. बादली ओळखीची होती. भिंतीवरच्या दांडीवर चार टॉवेल वाळत होते. हा मुलगा जन्मल्यापासून मी त्याच घरात राहतो आहे. मी प्रत्येक टॉवेल हातात घेऊन पाहिला, मग दारातून डोके बाहेर काढले आणि वहिनींना विचारले, त्याचा कोणता.

सगळी खोली माझ्याकडे पाहत होती. वहिनींनी बसल्या जागेवरून सांगितले, "निळा."